एवा सेरानो आणि फ्रान्सचं रिदमिक जिम्नॅस्टिक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा विषय निघाला की मी एवा सेरानोचं नाव घेते. समोरचा बहुतेक वेळा विचारतो, "तिला पदक मिळालं होतं का?" ऑलिम्पिकमध्ये नाही मिळालं, असं सांगितलं की चेहऱ्यावरचा उत्साह मावळतो. तरीही मी तिच्याबद्दल बोलत राहते आणि मग एकामागून एक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट, सावकाश लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं.

एवा सेरानो कोण?

फ्रान्सची रिदमिक जिम्नॅस्ट. जन्म १६ एप्रिल १९७८, दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावी. नीम म्हणजे रोमन काळातल्या दगडी रंगमंडलाचं गाव. आपण अंगावर घालतो त्या डेनिमचं नावही 'नीमचं कापड' यावरूनच आलं. फ्रान्सची ती अनेक वेळची राष्ट्रीय विजेती. दोन ऑलिम्पिक खेळली. १९९६ साली अटलांटात वैयक्तिक स्पर्धेत सहावी आली आणि २००० साली सिडनीत पाचवी. अटलांटाच्या वेळी ती अठरा वर्षांची होती, सिडनीच्या वेळी बावीस.

या दोन आकड्यांचं वजन कळायला खेळ आणि तो काळ थोडा समजून घ्यावा लागतो.

रिदमिक म्हणजे नेमकं काय? दीपा कर्माकर करायची तेच ना?

नाही. दीपाचं ते आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स : व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम, फ्लोअर. रिदमिकमध्ये १३ मीटर बाय १३ मीटरचा गालिचा, संगीत आणि हातात एक साहित्य असतं. हूप, बॉल, क्लब म्हणजे बाटलीच्या आकाराच्या दांड्यांची जोडी, किंवा रिबन. पूर्वी दोरीही होती. वरिष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धेतून ती २०११ पासून गेली. एकटीची रचना सव्वा ते दीड मिनिटाची असते, पाच जणींच्या संघाची सव्वादोन ते अडीच मिनिटांची.

वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात चेंडू किमान ४०० ग्रॅमचा असतो आणि तो मुठीत धरायचा नसतो, तळव्यावर ठेवायचा असतो. बोटं वळली की पंचांच्या नजरेत येतात. रिबन सहा मीटर लांब आणि वजन अवघं ३५ ग्रॅम. ती गालिच्यावर निपचित पडता कामा नये, तिला गाठ बसता कामा नये, आणि हॉलमधल्या वातानुकूलनाचा झोत अंगावर आला तर तीच रिबन भलतीकडे जाते. हे सांभाळताना एक पाय कानाला लावून दुसऱ्या पायाच्या चवड्यावर गिरक्या घ्यायच्या. साहित्य उंच फेकायचं, ते हवेत असताना अंगाच्या दोन कोलांट्या किंवा गिरक्या पुऱ्या करायच्या आणि ते खाली येईल तिथे आधीच पोचलेलं असायचं. झेल डोळ्यांच्या टप्प्याबाहेर, पाठीमागे किंवा पायांनी घेतला तर जास्त गुण. मल्लखांब पाहत वाढलेल्या माणसाला लवचिकता आणि तोल यांचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. त्यात दहा मीटरवरून खाली येणारा क्लब न पाहता पकडायचा, एवढी कल्पना करावी.

फ्रान्समध्ये काही जण याला 'जीआर' म्हणतात, काही 'जीआरएस'. फरक काय?

फरक नाही. जुन्या नावात 'रिदमिक आणि स्पोर्टिव्ह' असे दोन्ही शब्द होते, त्याचं आद्याक्षरी रूप जीआरएस. पुढे शेवटचा शब्द गळला. पण अनेक क्लबांच्या पाट्यांवर जुनं नाव तसंच राहिलं आहे, आणि ज्यांचं बालपण त्या हॉलमध्ये गेलं त्यांच्या तोंडातही.

फ्रान्समधली एखादी मुलगी या खेळात येते कशी?

शाळेतून क्वचितच. क्लबातून. फ्रान्समध्ये १९०१ च्या एका कायद्यानुसार कोणालाही विनानफा संस्था सहज काढता येते, आणि देशातले बहुतेक क्रीडाक्लब अशा संस्थाच आहेत. दर सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी एक मेळावा भरतो. नगरपालिकेच्या मैदानात किंवा सभागृहात टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर ज्युदो, शेजारी सामूहिक गायन, पलीकडे मातीकाम, आणि कुठेतरी रिबन फिरवणाऱ्या दोन मुली. पाच-सहा वर्षांची मुलगी आईचा हात ओढते आणि वर्षभराची नावनोंदणी होते. हंगाम सप्टेंबर ते जून असा, शाळेसोबत चालतो.

क्लबातली निम्मी कामं पालक करतात. गाडीनं स्पर्धेला नेणं, जेवणाचे डबे, गुणांची टेबलं सांभाळणं, लिओटार्डवर, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखावर, एकेक खडा चिकटवत रात्र काढणं. फ्रेंच जिम्नॅस्टिक्स महासंघाची मुळं १८७३ पर्यंत जातात, म्हणजे संस्था जुनी आणि भक्कम आहे. तरी या खेळाचा पाया आजही त्या शनिवार-रविवारच्या पालकांवर उभा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मग चाळणी लागते. आधी विभाग, मग प्रांत, मग देश. चांगली मुलगी दहा-अकराव्या वर्षी नजरेत भरते, तिचे सरावाचे तास वाढतात, आणि घरच्यांना एक अवघड निर्णय घ्यावा लागतो : तिला घरापासून दूरच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवायचं का?

इनसेप म्हणजे काय?

पॅरिसच्या पूर्व टोकाला व्हँसेनचं जंगल आहे. त्या झाडीत फ्रान्सची राष्ट्रीय क्रीडासंस्था आहे. लष्करी शारीरिक शिक्षणाची त्या परिसरातली परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. आजची संस्था १९७५ मध्ये आकाराला आली. ज्युदो, तलवारबाजी, पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा अनेक खेळांचे राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू तिथे राहतात, शिकतात, सराव करतात. वसतिगृह, भोजनगृह, वैद्यकीय विभाग आणि शाळा सगळं एकाच आवारात. फ्रान्सच्या राष्ट्रीय रिदमिक संघाचा तळही तिथेच.

शाळा आतच असणं फार महत्त्वाचं आहे. फ्रान्समध्ये बारावीच्या तोडीची परीक्षा कोणी सहज सोडून देत नाही, खेळाडूही नाही. सकाळी बॅलेचा दांडा, मग साहित्याचा सराव, मग वर्ग, मग पुन्हा गालिचा. वरच्या पातळीवरच्या मुलींचे आठवड्याला तीस तास सहज होतात. चौदा-पंधराव्या वर्षी आई-वडिलांपासून शेकडो किलोमीटर दूर राहून हे करायचं. त्या वयात आपल्याकडच्या मुली क्लास आणि घर यांच्यामध्ये सायकल मारत असतात. त्यातलं एकटेपण स्पर्धेच्या दिवशी टीव्हीवर दिसत नाही.

अटलांटात नेमकं काय झालं?

आधी एक गमतीशीर तपशील. स्पर्धा अटलांटा शहरात झालीच नाही. शंभरेक किलोमीटरवर अथेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानात ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत ती झाली. प्राथमिक, उपांत्य, अंतिम अशा तीन फेऱ्या. त्या वर्षीचे प्रकार दोरी, बॉल, क्लब आणि रिबन.

पदकं गेली ती अशी : युक्रेनची येकातेरिना सेरेब्रियान्स्का ३९.६८३, रशियाची यानिना बातिरशिना ३९.३८२, युक्रेनची ओलेना वित्रिचेन्को ३९.३३१. चौथी रशियाची अमिना झारिपोवा. पाचवी बल्गेरियाची मारिया पेत्रोवा, म्हणजे तीन वेळची जगज्जेती. आणि सहावी नीमची अठरा वर्षांची मुलगी.

याच ऑलिम्पिकमध्ये सांघिक रिदमिक पहिल्यांदा आलं. सुवर्ण स्पेननं जिंकलं, आणि फ्रान्सच्या संघानंही अंतिम फेरी गाठली. फ्रेंच रिदमिकसाठी तो आठवडा मोठाच होता.

पण सहावा क्रमांक म्हणजे शेवटी हरणंच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि याचं उत्तर मी कधीच थोडक्यात देऊ शकलेली नाही.

रिदमिक हा खेळ ज्या रूपात जगानं पाहिला ते रूप मुख्यतः सोव्हिएत संघ आणि बल्गेरियात घडलं. पहिली जागतिक स्पर्धा १९६३ ची, बुडापेस्टला. त्यानंतरची अनेक वर्षं विजेत्यांची यादी काढून बघा, त्याच प्रदेशांची नावं फिरून फिरून येतात. तिथे बॅलेची शाळा दारातच होती. सरकारनं उभी केलेली केंद्रं होती, लहान वयात निवड होती, आणि एका प्रशिक्षिकेकडून दुसरीकडे जाणारं ज्ञान होतं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला रिदमिक ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा सोव्हिएत गटानं बहिष्कार टाकला होता, आणि सुवर्ण कॅनडाच्या लोरी फंगला मिळालं. तो गट १९८८ साली सोलला परतला आणि तिन्ही पदकं सोव्हिएत व बल्गेरियन मुलींकडे गेली. बार्सिलोनात स्पेनच्या कॅरोलिना पास्कुआलनं रौप्य घेतलं, तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. पश्चिम युरोपला अशी संधी फार क्वचित मिळायची.

मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. एका देशाच्या जागी रशिया, युक्रेन, बेलारूस असे तीन बलाढ्य संघ वेगवेगळे उतरू लागले. एका देशाकडून दोघींनाच प्रवेश असतो. पूर्वी त्या सगळ्या प्रदेशातून फक्त दोन मुली यायच्या, आता सहा येऊ लागल्या. बाहेरच्या मुलीसाठी वरची जागा आणखी आक्रसली. सेरानोचा काळ तो हाच.

अटलांटात तिच्या पुढे पाच जणी होत्या : दोन युक्रेनच्या, दोन रशियाच्या, एक बल्गेरियाची. सिडनीत चौघी : दोन रशियाच्या, एक बेलारूसची, एक युक्रेनची. दोन्ही वेळा तिच्या वर पश्चिम युरोपातलं एकही नाव नाही. आशिया किंवा अमेरिका खंडातलंही नाही. संध्याकाळच्या वर्गापासून सुरू होणाऱ्या क्लबच्या व्यवस्थेतून आलेली मुलगी त्या परंपरेच्या अगदी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, आणि चार वर्षांनी पुन्हा, एक पायरी वर. पदकतालिका तिसऱ्या क्रमांकाशी संपते म्हणून आपली नजरही तिथेच थांबते. माझ्या मते फ्रान्समधल्या वैयक्तिक रिदमिकची उंची मोजायची तर अजूनही त्या पाचव्या क्रमांकापासूनच मोजावी लागते.

आणि सिडनी?

सिडनीत प्रकार बदलले होते : दोरी, हूप, बॉल, रिबन. स्पर्धा सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन १ ऑक्टोबरला, म्हणजे ऑलिम्पिकच्या शेवटच्याच दिवशी संपली. सगळ्यांच्या नजरा रशियाच्या सतरा वर्षांच्या अलिना काबाएवावर होत्या. तिची पाठ अशी वळायची की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. अंतिम फेरीत तिचा हूप हातातून निसटला आणि गालिच्याबाहेर घरंगळत गेला. ती मागे धावली. सुवर्ण तिची सहकारी युलिया बार्सुकोवाकडे गेलं, रौप्य बेलारूसच्या युलिया रास्किनाकडे, आणि काबाएवाला कांस्य मिळालं. गुण ३९.६३२, ३९.५४८, ३९.४६६. सुवर्ण आणि कांस्य यांच्यात ०.१६६ चं अंतर, तेही चार रचनांच्या बेरजेनंतर.

या गोंधळात पाचव्या क्रमांकावरच्या मुलीकडे कॅमेरा फारसा वळला नाही, हे ओघानंच आलं.

तेव्हा चाळीसपैकी गुण असायचे. आता १४२ कसे काय?

तेव्हा प्रत्येक रचनेला जास्तीत जास्त दहा गुण होते, चार रचनांचे चाळीस. त्यामुळे वरच्या सगळ्या मुली दहाच्या जवळच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबलेल्या असायच्या आणि दोन पंचांच्या मतभेदानं निकाल फिरायचा. २००० च्या युरोपीय स्पर्धेत वित्रिचेन्कोला इतके कमी गुण दिले गेले की प्रकरण चिघळलं आणि पुढे पंचांवर कारवाई झाली.

नंतर नियमपुस्तक अनेकदा बदललं. आता गुण तीन वाटांनी येतात. काठिण्याच्या एकूण गुणांना वरची मर्यादा नाही, जितकं अवघड, तितकी भर. कलात्मकता दहापैकी आणि सफाई दहापैकी, यात चुकांचे गुण कापले जातात. साहित्य किंवा पाय रेषेबाहेर गेला की ०.३० वजा. पॅरिस २०२४ ची विजेती, जर्मनीची दार्या वार्फोलोमेएव, हिचे चार रचनांचे मिळून १४२.८५० गुण झाले. म्हणजे एका रचनेला सरासरी ३५ च्या वर. म्हणून सेरानोचे गुण आजच्या गुणांशेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक आहे.

काठिण्याच्या गुणांवरची मर्यादा उठल्यामुळे रचना दाट झाल्या आहेत. दीड मिनिटात इतकं भरायचं की थांबायला उसंत नाही. त्या काळी एखादी मुलगी एका तोलावर क्षणभर स्थिर राहायची, संगीत तिच्यावरून वाहत जायचं. मला तो क्षण फार प्रिय होता.

ती बाविसाव्या वर्षीच का थांबली?

सिडनीनंतर ती स्पर्धेतून निवृत्त झाली. बावीस हे वय आपल्याला कोवळं वाटतं, पण हिशोब करा. पाच-सहाव्या वर्षी सुरुवात, बाराव्या वर्षापासून कडक सराव, सोळाव्या वर्षापासून वरिष्ठ गट. बावीसपर्यंत शरीरानं पंधरा वर्षांहून जास्त काम केलेलं असतं. कंबर मागे वाकवून वाकवून मणक्यांवर ताण, एकाच पायावर हजारो गिरक्या, नितंबाचे सांधे, घोटे. एका बाजूनंच लवचिकता घडवली जाते, त्यामुळे शरीर असमतोल होतं. त्यात चार वर्षांचं ऑलिम्पिक चक्र. सव्विसाव्या वर्षापर्यंत आणखी एकदा हे सगळं करायचं का, हा प्रश्न बाविसाव्या वर्षी समोर उभा राहतो.

अपवाद आहेत, आणि मला ते फार आवडतात. स्पेनची अल्मुदेना सिद चार ऑलिम्पिकच्या अंतिम फेऱ्या खेळली, १९९६ पासून २००८ पर्यंत. तिच्याच देशाची कॅरोलिना रॉड्रिगेझ तिसाव्या वर्षी रिओच्या अंतिम फेरीत होती. फ्रान्सची डेल्फिन लदू सव्विसाव्या वर्षी लंडनला गेली.

सेरानोनंतर फ्रान्सकडून कोण आलं?

डेल्फिन लदू. जन्म १९८६, उत्तरेला, इंग्लंडकडे तोंड करून असलेल्या काले बंदरातला. अनेक वर्षं ती फ्रान्सची पहिल्या क्रमांकाची जिम्नॅस्ट होती. २०११ ची जागतिक स्पर्धा माँपेलिएला, म्हणजे नीमपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर झाली, आणि घरच्या प्रेक्षकांची आशा लदूवर होती. पुढच्या वर्षी ती लंडन ऑलिम्पिक खेळली. तिच्या रचना पाहताना जाणवायचं की ही मुलगी संगीत ऐकते आहे. रिदमिकमध्ये तसं सगळ्याच करत नाहीत.

मग सेनिया मुस्ताफाएवा. जन्म १९९५, बेलारूसच्या मिन्स्कमध्ये. आई प्रशिक्षिका. कुटुंब फ्रान्सला आलं आणि तीही काले इथल्याच क्लबात वाढली. २०१६ ला रिओमध्ये तिनं वैयक्तिक स्पर्धेच्या अंतिम दहांत जागा मिळवली. पूर्वेकडची शाळा आणि फ्रान्सचा क्लब अशी दोन्ही घराणी तिच्यात एकत्र आलेली दिसतात. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. हातातून हातात जाणारी विद्या या अर्थानं रिदमिकलाही तो चपखल लागतो.

पॅरिस २०२४ ला यजमान म्हणून फ्रान्सला जागा होती. वैयक्तिक स्पर्धेत एलेन कारबानोव्ह उतरली आणि पाच जणींचा संघही. पोर्त द ला शापेल इथल्या नव्या बंदिस्त मैदानात ८ ते १० ऑगस्टला स्पर्धा झाली. रशिया आणि बेलारूसच्या मुली नव्हत्या. वैयक्तिक पदकं जर्मनी, बल्गेरिया आणि इटलीला गेली, सांघिक सुवर्ण चीनला. एवढ्या वर्षांनी पश्चिम युरोपच्या दोन मुली एकाच वेळी पदकमंचावर उभ्या होत्या. वार्फोलोमेएव जन्मानं रशियन, बाराव्या वर्षी जर्मनीला आलेली. तरी ती रांग पाहताना मला अटलांटाची सहावी मुलगी आठवल्यावाचून राहिली नाही.

यात पैसा आहे का?

नाही म्हटलं तरी चालेल. व्यावसायिक लीग नाही, टेनिससारखी बक्षिसं नाहीत. क्रीडा मंत्रालयाची उच्चस्तरीय खेळाडूंची यादी असते. तिच्यात नाव आलं की थोडी आर्थिक मदत, शिक्षणात सवलती, परीक्षेच्या तारखांत लवचिकता मिळते. पॅरिस ऑलिम्पिकला फ्रेंच सरकारनं सुवर्णाला ८०,००० युरो, रौप्याला ४०,००० आणि कांस्याला २०,००० युरो जाहीर केले होते. रक्कम तिसऱ्या क्रमांकापर्यंतच, आणि फ्रेंच रिदमिकमध्ये तिथवर अजून कोणी पोचलेलं नाही. लिओटार्ड, साहित्य, प्रवास यांचा भार बराच काळ कुटुंबावर आणि क्लबवर असतो.

खाण्यापिण्यावर फार बंधनं असतात असं ऐकलं. खरं आहे का?

या खेळात सडपातळ शरीराचा आग्रह अनेक दशकं चालत आला आणि त्यानं नुकसान केलं, हे लपवण्यात अर्थ नाही. वाढीच्या वयात कमी खाणं म्हणजे कमकुवत हाडं, लांबणारी पाळी, वाढणाऱ्या दुखापती. वरिष्ठ गटासाठी त्या वर्षात सोळा पूर्ण होणं बंधनकारक आहे ते शरीराला थोडी मुदत मिळावी म्हणूनही. आता अनेक ठिकाणी वैद्यकीय तपासण्या आणि आहारतज्ज्ञ आहेत. पण मुलीला या खेळात घालणाऱ्या आईबापांना मी एकच सांगेन. हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजन केलं जात असेल, किंवा मुलगी घरी ताट लपवू लागली असेल, तर त्याच दिवशी बोला. हंगाम संपायची वाट बघू नका.

मुलगे रिदमिक करतात का?

करतात, आणि स्पेनमध्ये तर त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा प्रकार आजही फक्त महिलांचा.

फ्रान्समध्ये प्रत्यक्ष पाहायचं असेल तर?

पॅरिसच्या दक्षिणेला तिए नावाचं उपनगर आहे. तिथली आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं मार्चच्या आसपास भरते आणि जगातल्या मोठमोठ्या जिम्नॅस्ट तिथे येऊन गेल्या आहेत. मोठ्या स्टेडियमपेक्षा उपनगरातला हॉल बरा. मुली रांगेत उभ्या राहून तळव्यांचा घाम पुसताना दिसतात, हूप जमिनीला लागल्याचा आवाज ऐकू येतो. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी पॅरिसच्या बाजूला असेल तर मुलांना घेऊन एकदा जावंच.

आपल्याकडे हा खेळ आहे?

आहे, आणि महाराष्ट्र त्यात पुढे आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं खेलो इंडिया युवा स्पर्धेत एकाच वेळी पाच सुवर्णपदकं जिंकली तेव्हा अनेकांना 'रिदमिक' हा शब्द पहिल्यांदा कळला. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक स्पर्धेत जगभरातून जेमतेम चोवीस जणींना जागा मिळते, त्यामुळे वाट लांबची आहे. फ्रान्सकडून घ्यायचंच तर मी गावोगावचे छोटे क्लब घेईन. केंद्रीय संस्था नंतरही उभी राहते.

जुन्या चित्रफिती पाहायच्या तर काय पाहू?

अटलांटाची अंतिम फेरी शोधा. आधी सेरेब्रियान्स्काची एक रचना पाहा, म्हणजे त्या काळची सर्वोच्च पातळी डोळ्यांत बसेल. मग सेरानोची त्याच साहित्याची रचना लावा. पहिल्यांदा फक्त चेहरा आणि खांदे बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाय बघा : चवडा किती उंच आहे, टाच कधी खाली येते. तिसऱ्यांदा नजर फक्त साहित्यावर ठेवा, ते कधी थांबतं का ते मोजा. मग आवाज चालू करून पुन्हा एकदा, काहीही न मोजता. गुण पडद्यावर येण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि तुमचे तुम्ही लिहा.